अक्रोड, ब्राह्मी आणि शुक्रवारची बस

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला वासुदेवराव खांबेटे डोक्याला शिकेकाई लावून बसले होते आणि नेमक्या त्याच वेळी खाली शाळेची बस हॉर्न देत होती. घडलं ते इतकंच. एरवी यात सांगण्यासारखं काय आहे? माणसं आंघोळ करतात, बसेस हॉर्न देतात. दुबईतल्या अल कुसैसमध्ये दोन्ही गोष्टी रोज होतात. पण त्या बसमध्ये वासुदेवरावांची सात वर्षांची नात इरा बसली होती, आणि तिला उतरवून घ्यायचं काम त्या दिवशी वासुदेवरावांकडे होतं. शाळेचा नियम असा की, घरचं माणूस गळ्यात शाळेचं कार्ड घालून समोर उभं असल्याशिवाय मूल बसमधून उतरवायचं नाही. बसवर मुलांना सांभाळणाऱ्या उमैमाबाईंनी थोडी वाट पाहिली, ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावला, आणि मग खलास! इराला घेऊन बस परत शाळेत गेली.

शाळेनं आभाला फोन केला. आभा म्हणजे वासुदेवरावांची सून. ती तेव्हा ऑफिसात एका बड्या क्लायंटसमोर प्रेझेंटेशन देत होती. ते अर्धवट टाकून ती टॅक्सीनं शाळेत गेली, इराला घेऊन घरी आली, आणि पाहते तो सासरे बाल्कनीत पंच्यानं केस पुसत बसलेले.

"बाबा, आज शुक्रवार आहे!" आभा दारातूनच म्हणाली.

"हो ना," वासुदेवराव प्रसन्नपणे म्हणाले, "म्हणून तर निवांत आंघोळ केली."

आता खरं सांगायचं तर यात त्यांचा काय दोष? अबुधाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत, अकाउंट्समध्ये, त्यांनी उभी हयात काढली. तिथे शुक्रवार म्हणजे सुट्टी. शुक्रवारी उशिरा उठायचं, डोक्याला तेल थापायचं, आंघोळीला तासभर घालवायचा आणि स्वच्छ सदरा घालून बिल्डिंगखालच्या बाकावर जाऊन बसायचं. पुढे सरकारनं सुट्टी शनिवार-रविवारवर नेली आणि शुक्रवारी शाळा अर्धा दिवस केली. ही गोष्ट सगळ्या देशाला कळवण्यात आली, पण वासुदेवरावांच्या शरीराला ती कुणी कळवली नाही. सोमवार ते गुरुवार ते इराला बिनचूक उतरवून घेत. शुक्रवारी आभा घरून काम करत असे, त्यामुळे प्रश्नच नव्हता. नेमकं त्या शुक्रवारी तिला ऑफिसात जावं लागलं. तिनं बजावलं होतं, त्यांनी मान डोलावली होती, आणि मग त्यांच्या अंगातला शुक्रवार जागा झाला होता.

"आजोबा, एव्हरीबडी वॉज लुकिंग अ‍ॅट मी," इरा म्हणाली आणि दप्तर फेकून खोलीत गेली. हे मात्र वासुदेवरावांच्या फार जिव्हारी लागलं.

संध्याकाळी निनाद घरी आला. हा त्यांचा मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं नवरा-बायकोत जी कुजबुज चालते ती केली, आणि मग घसा साफ करत म्हणाला, "बाबा, तुम्ही अलीकडे जरा विसरता असं नाही वाटत तुम्हाला?"

"काय विसरलो?"

"परवा चष्मा फ्रिजमध्ये सापडला."

"तो उन्हानं तापला होता म्हणून मीच ठेवला होता!"

पण एकदा का घरात संशय शिरला की खुलाशाला कोण विचारतो? आभा हळू आवाजात म्हणाली, "बाबा, राग मानू नका. थोडे दिवस कार्ड माझ्याकडेच राहू दे. आम्ही दोघं बघू पिकअपचं." आणि गळ्यात घालायचं ते निळ्या फितीचं, त्यांच्या फोटोचं कार्ड तिनं आपल्या पर्समध्ये टाकलं.

वासुदेवराव पानावर येऊन बसले. पण त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. बायको गेल्यापासून अख्ख्या दिवसात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एकच काम उरलं होतं, ते म्हणजे बसपासून लिफ्टपर्यंत इराचं दप्तर धरून चालणं. तेवढ्यात ती शाळेतल्या सगळ्या बातम्या इंग्रजीत सांगे, ते मराठीत उत्तरं देत, आणि दोघांचं मस्त जमे. ते काम काढून घेतलं म्हणजे मग माणसानं करायचं काय? दिवसभर एसीखाली बसून टीव्हीवरचं भांडण बघायचं? कार्ड परत मिळवायचंच, असं त्यांनी ताक पिता पिता ठरवलं.

इथे प्रवेश करतात शेजारचे गुणवंतराव कोरडे. हे गृहस्थ इमारतींचे विमे विकतात, पण सल्ले सगळ्या विषयांवर देतात आणि तेही फुकट. लिफ्टमध्ये वासुदेवरावांचा पडलेला चेहरा बघून त्यांनी चौथ्या मजल्यापर्यंत सगळी हकीकत काढून घेतली आणि पाचव्या मजल्यावर निदान केलं.

"मेंदूला खुराक कमी पडतोय, वासुदेवराव. दुसरं काही नाही. आता अक्रोड बघा. दिसतो कसा? हुबेहूब मेंदू! निसर्गानं आणखी काय सांगायला हवं? आणि ओमेगा घ्या. मी स्वतः घेतो. माझी स्मरणशक्ती बघा."

"तुम्ही मागच्या महिन्यात आमची शिडी नेलीत," वासुदेवराव म्हणाले.

"कुठली शिडी?" गुणवंतरावांनी विचारलं आणि ते आपल्या घरात गेले.

तरीही दुसऱ्या दिवशी वासुदेवराव फार्मसीत गेले. ओमेगाची बाटली एकशे दहा दिरहमची. "म्हणजे अडीच हजार रुपये!" ते काउंटरवरच मोठ्यांदा म्हणाले. मल्याळी फार्मासिस्टला अशा हिशोबाची सवय असावी, त्यानं मान हलवून दुजोरा दिला. बाटलीवर एका माशाचं चित्र होतं. ते वासुदेवरावांनी पाहिलं, पण त्यांना वाटलं, कंपनीची निशाणी असेल. वाघाचं चित्र असलेला बाम ते वर्षानुवर्षं कपाळाला चोळत आले होते, त्यात कुठे वाघ असतो?

मग व्याप वाढला. गुणवंतरावांच्या पत्नी अनुराधावहिनी म्हणाल्या, ओमेगानं काय होतंय, ब्राह्मी हवी, आणि तीही पुण्याचीच. झालं! आखातातल्या मराठी माणसाला पुण्याहून वस्तू मागवायची म्हणजे आधी "कुणी येतंय का?" अशी चौकशी करायची. कुणाचा तरी मेव्हणा येत होता. त्यानं आढेवेढे घेत ब्राह्मीचं चूर्ण आणलं, सोबत त्याच दुकानातली शंखपुष्पी आणि अश्वगंधाही आणली, कारण दुकानदारानं त्याला सांगितलं की एकट्या ब्राह्मीचा गुण येत नाही. खालच्या किराणावाल्यानं कलौंजीचं तेल दिलं. निनादच्या ऑफिसातल्या कुणीतरी जिंकोच्या गोळ्या सुचवल्या. आभानं ऑनलाइन वाचून कसलंसं मॅग्नेशियम मागवलं. महिन्याभरात डायनिंग टेबलावर इतक्या बाटल्या जमल्या की आमटीचं पातेलं ठेवायला जागा उरेना. इरा पाहुण्यांना सांगे, "दॅट्स आजोबाज लॅब."

आता प्रश्न आला वेळापत्रकाचा. हे उपाशीपोटी, ते जेवणानंतर, हे त्याच्याबरोबर नाही, ते झोपताना कोमट दुधातून. एवढं सगळं लक्षात ठेवायला मुळात तल्लख डोकं हवं, आणि ते असतं तर या बाटल्या कशाला हव्या होत्या, हा मुद्दा वासुदेवरावांनी मांडूनही पाहिला. पण निनाद सॉफ्टवेअरवाला पडला. त्यानं 'बाबा हेल्थ' नावाचं कॅलेंडर तयार केलं आणि ते तिघांच्या फोनवर जोडून दिलं. तेव्हापासून घरात सकाळपासून टिंगटिंग सुरू झालं. वासुदेवरावांचा फोन बाल्कनीत वाजायचा, आभाचा मीटिंगमध्ये, निनादचा गाडी चालवताना. "बाबा, जिंको!" असं आभा स्वयंपाकघरातून ओरडे, आणि तिकडून निनादचा मेसेज येई, "बाबा, डिड यू टेक जिंको?"

वासुदेवराव सगळं निमूट घेत होते. फायदा एकच दिसला की अश्वगंधेनं त्यांना भरदिवसा अशी झोप येऊ लागली की टीव्हीवरचं भांडण कोण जिंकलं हेही कळेना. "बघ, बाबा आता बातम्याही विसरतात," असं निनाद आभाला म्हणाल्याचं त्यांनी झोपेतच ऐकलं.

आणि मग कोरड्यांकडे सत्यनारायण झाला. भाड्यानं द्यायला नवा फ्लॅट घेतला होता त्याची पूजा, भर दुपारी, हॉल माणसांनी भरलेला. वासुदेवराव पुढच्या रांगेत सोवळ्यासारखा सिल्कचा कुर्ता घालून बसले होते. गुरुजी कथा सांगत होते. साधूवाण्याची नौका नुकतीच बुडाली होती, आणि त्या शांततेत वासुदेवरावांना ढेकर आला.

लहानसाच ढेकर. रुमालाआड दिलेला. पण अनुराधावहिनींनी नाक उचललं. "अगंबाई, कुणाकडे मासळी शिजतेय? आजच्या दिवशी? अहो, ती खिडकी लावा बघू!" गुणवंतरावांनी खिडकी लावली. त्यामुळे झालं काय, वास आतच कोंडला. वहिनींनी खालच्या मजल्यावरच्या बिचाऱ्या कुटुंबाला दोन शब्द सुनावले, आणि मग त्या वाकून वासुदेवरावांच्या हातावर तीर्थ घालत असताना त्यांना दुसरा ढेकर आला.

वहिनी तशाच वाकलेल्या राहिल्या. "वासुदेवभावजी," त्या फार हळू म्हणाल्या, "तुम्ही... कधीपासून?"

सात पिढ्यांत ज्यांच्या घरी अंडं आलं नाही त्या वासुदेवरावांना आधी कळेचना. मग बाटलीवरचा मासा त्यांच्या डोळ्यांसमोर पोहत आला. त्यांनी गुणवंतरावांकडे अशा नजरेनं पाहिलं की गुणवंतराव प्रसाद वाटायला उठून गेले. घरी येऊन त्यांनी चार वेळा चुळा भरल्या आणि जाहीर केलं, "आता मी डॉक्टरकडेच जातो. काय असेल ते एकदाचं कळू दे!"

पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे आधी विमा कंपनीची परवानगी. वासुदेवरावांनी स्वतः फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक मुलगी लाइनवर आली. तिनं एमिरेट्स आयडीचा नंबर विचारला. वासुदेवरावांनी तो लांबलचक नंबर एका दमात सांगितला. पॉलिसीचा नंबर सांगितला. निनादचा पासपोर्ट नंबर, मोबाइल, इमारतीच्या पत्त्याचा मकानी नंबर, सगळं सांगितलं. इथे राहिलेल्या माणसाला हे आकडे झोपेतही म्हणता येतात.

"अँड व्हॉट इज द कम्प्लेंट, सर?"

"आय फर्गेट थिंग्ज," वासुदेवराव म्हणाले.

मुलीनं सगळे आकडे पुन्हा एकदा पडताळून पाहिले. "सर," ती मुलगी म्हणाली, "आर यू शुअर?" आणि तिनं अर्ज नामंजूर केला. शेवटी निनादनं ऑफिसातून पत्रव्यवहार करून परवानगी काढली.

डॉक्टर एमान नावाच्या बाई हसतमुख होत्या. त्यांनी निनाद आणि आभाला बाजूच्या खुर्च्यांवर गप्प बसायला सांगितलं आणि वासुदेवरावांची परीक्षा घेतली. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, मग शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. वासुदेवराव अकाउंट्समधले. ते सुटले ते सुटलेच. दोनावर आले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, बस. "मायनस फाइव्ह," वासुदेवराव म्हणाले, "मायनस ट्वेल्व्ह..." त्यांना हात धरून थांबवावं लागलं.

"आणि इथली साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी असते?" डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं.

निनाद खुर्चीत पुढे सरकला. वासुदेवराव थोडे घुटमळले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "सरकारी शनिवार-रविवार. पण आतून विचाराल तर शुक्रवार."

डॉक्टर एमान खळखळून हसल्या. "माझे वडीलही असेच!" त्या म्हणाल्या. "हबीबी, हा आजार नाही, ही सवय आहे." मग आभानं पिशवीतून आणलेल्या बाटल्या टेबलावर मांडायला सुरुवात केली, आणि डॉक्टरांचं हसू हळूहळू मावळलं. टेबल भरलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. या बाटल्यांनी स्मरणशक्ती वाढते असा भरवशाचा पुरावा नाही, उलट एकमेकींत मिसळून त्या त्रासच देतील, आणि दिवसभर झोपलेला माणूस विसराळू दिसणारच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आधीच तपासायला दिलेल्या रक्तात बी-ट्वेल्व्ह मात्र कमी निघालं. शाकाहारी माणसांत या वयाला ते पुष्कळदा होतं, म्हणाल्या. तेवढी एक गोळी घ्या, ब्लडप्रेशर सांभाळा, चाला, माणसांशी बोला. बाकी सगळं खलास.

वासुदेवराव विजयी मुद्रेनं घरी आले. लिफ्टमध्येच त्यांनी आभापुढे हात केला. "कार्ड?"

आभा गोरीमोरी झाली. "बाबा, डॉक्टर म्हणाल्या ते खरंच आहे. पण... रिस्क कशाला? थोडे दिवस जाऊ देत ना."

हे ऐकून त्यांना जे वाटलं ते राग नव्हता. राग असता तर ते दोन शब्द बोलले असते. त्यांना फार वाईट वाटलं. परीक्षेत पहिलं यायचं आणि वर्गात मात्र मागच्या बाकावर बसायचं, हा काय न्याय झाला? ते म्हणाले, "बरं," आणि खोलीत जाऊन पडले.

बाटल्या बंद झाल्या, पण निनादचं कॅलेंडर बंद करायचं कुणाला सुचलं नाही. फोन आपले टिंगटिंग करतच होते. नसलेल्या जिंकोची आठवण यायची, नसलेल्या ब्राह्मीची यायची, आणि आभा नि निनाद न बघताच अंगठ्यानं ती बाजूला सारायचे. वासुदेवराव त्या आवाजाला इतके कंटाळले की त्यांनी आपला फोन कपाटात सदऱ्यांच्या खाली घालून टाकला.

पुन्हा एक शुक्रवार आला. त्या दिवशी आभाला ऑफिस होतं आणि इराला आणायची पाळी निनादची होती. त्यानं ती कॅलेंडरमध्ये व्यवस्थित घातलीही होती. आणि वासुदेवरावांच्या अंगातला शुक्रवार जागा झाला तो वेगळाच. त्यांनी सकाळीच आंघोळ उरकली, स्वच्छ सदरा घातला आणि जुन्या सवयीनं बिल्डिंगखालच्या बाकावर जाऊन बसले. काम काही नव्हतंच. सुट्टीच्या दिवशी बसतात तसे बसले.

बस आली. दार उघडलं. उमैमाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. निनाद नाही, आभा नाही. पायरीवर इरा उभी, आणि समोर बाकावरून उठलेले वासुदेवराव.

"अंकल, कार्ड?" उमैमाबाई हिंदीत म्हणाल्या.

"कार्ड बहू के पास है."

"नो कार्ड, नो बेबी. सॉरी अंकल." त्यांनी निनादला फोन लावला, आभाला लावला. दोघंही उचलेनात. मागे गाड्या हॉर्न देऊ लागल्या. इराचा चेहरा उतरला. "आजोबा, नॉट अगेन," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

नियम म्हणजे नियम, हे वासुदेवरावांना मान्य होतं. पण नात एकटी परत जाणार, पुन्हा सगळी मुलं तिच्याकडे बघणार, हे काही त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सरळ बसमध्ये चढले.

"अंकल! नॉट अलाउड!"

"बच्ची को नीचे मत दो," वासुदेवराव इराला शेजारी घेऊन सीटवर बसत म्हणाले. "मगर बच्ची अकेली नहीं जाएगी. मैं भी जाऊंगा."

ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, उतरो." वासुदेवराव उतरेनात. मुलं टाळ्या वाजवू लागली. उमैमाबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांचा हात घट्ट धरलेल्या इराकडे, मग मागच्या हॉर्नांकडे. "यल्ला, चलो," त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या, "बैठो. सीट बेल्ट लगाओ."

अशा रीतीनं वासुदेवराव खांबेटे उतारवयात शाळेत गेले. वाटेत इरानं सगळ्यांना सांगितलं, "ही इज माय ग्रँडफादर. ही कॅन सबट्रॅक्ट सेव्हन फॉरेव्हर." त्यांनी ते करूनही दाखवलं.

शाळेच्या रिसेप्शनवर खातरजमा म्हणून त्यांना विचारलं, घरच्यांचा नंबर? त्यांनी आभाचा तोंडपाठ सांगितला. रिसेप्शनवरच्या मोबाइलचा अनोळखी नंबर बघून तिनं कापला. मग निनादचा सांगितला. तो लागला.

"निनाद, मी बोलतोय, शाळेतून. इरा माझ्याजवळ आहे, तिला जूस पाजलाय. तू कुठे आहेस?"

पलीकडे खुर्ची धाडकन मागे सरकली. मग त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्या, अक्रोड न खाणाऱ्या, ऐन चाळिशीतल्या मुलानं घाबऱ्या आवाजात विचारलं, "बाबा... आज शुक्रवार आहे?"

वासुदेवरावांना याचं उत्तर देताना फार मजा आली असती. निवांत आंघोळीचं वाक्य जिभेवर आलंही होतं. पण त्यांनी ते गिळलं आणि नुसतं म्हणाले, "हो रे. ये सावकाश. गाडी हळू चालव."

निनाद आणि आभा दोन दिशांनी धापा टाकत एकदमच पोचले. कॅलेंडरनं आठवण दिली होती, पण जिंको आणि मॅग्नेशियमच्या मधोमध, आणि दोघांनी ती अंगठ्यानं सारून टाकली होती. शाळेच्या नियमाप्रमाणे निनादला सही करावी लागली, एक विद्यार्थिनी आणि एक आजोबा ताब्यात मिळाले म्हणून. उमैमाबाई शेजारी उभ्या होत्या. त्या आभाला म्हणाल्या, "मॅडम, नेक्स्ट टाइम कार्ड अंकल को दो. हमारा बस में जगह नहीं है."

आभानं पर्समधून ते निळ्या फितीचं कार्ड काढलं. हातात न देता तिनं ते सासऱ्यांच्या गळ्यात घातलं आणि फीत नीट केली. तिचे डोळे भरून आले होते. "चुकलं बाबा माझं," ती म्हणाली. वासुदेवरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते कार्डावरचा आपला फोटो बघत राहिले.

घरी पोचल्यावर लिफ्टमध्ये गुणवंतराव भेटले, काखेत शिडी. "अहो वासुदेवराव, ही तुमची ना? अचानक आठवलं बघा!" पण त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. निनाद कॅलेंडर पुसत होता आणि अजून हादरलेल्या आवाजात बोलत होता, "बाबा, मी आता नीट लक्ष ठेवणार आहे. उद्या मी स्वतः बाराला खाली उभा राहीन. प्रॉमिस."

वासुदेवरावांनी इराचं दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"उद्या शनिवार आहे रे," ते म्हणाले.